करुण आणि निर्मम



आजचं वाचन गीतेच्या बाराव्या अध्यायातला तेरावा श्लोक. भक्त कसा असतो ते भगवंत सांगतात. तो सगळ्यांचा मित्र, करुणेनं भरलेला, आणि लगेच पुढचा शब्द येतो 'निर्मम'. इतकी वर्षं वाचतोय, पण हे दोन शब्द असे शेजारी कसे, हे परवापर्यंत कधी खटकलं नव्हतं.

परवा रात्री मावसबहिणीचा फोन आला. ती क्लिनिकल सायकॉलॉजीचं दोन वर्षांचं एम.फिल. करतेय, सध्या ड्यूटी आयसीयूत. तिथे सायकॉलॉजिस्टचं काय काम, असं मलाही वाटायचं. पण औषध पिऊन आलेला माणूस शुद्धीवर आला की यांना बोलावतात. व्हेंटिलेटरवरून उतरलेल्या आजोबांना भिंतीवर माणसं दिसतात, त्यांच्याजवळ बसायचं असतं. बाहेर बाकड्यावर घरचे असतातच.

तिचा एक पेशंट 22 वर्षांचा. 4 दिवस शुद्धीत होता, "ताई, मला जगायचंय" म्हणायचा. काही विषांना उतारा नसतो. पाचव्या दिवशी कॉट रिकामी. ती म्हणाली, "दादा, मी नंतर डबा खाल्ला, रोजच्यासारखा. रडूच आलं नाही. मी दगड झालेय का रे?"

मला उत्तर सुचलं नाही. आमच्याकडे साधा सर्व्हर पडला तरी दुसऱ्या दिवशी सगळे बसून बोलतात. तिला विचारलं गेलं ते फक्त फाइल पूर्ण झाली का.

6 नोव्हेंबर 2021 आठवला. भाऊबीज होती. नगरच्या सिव्हिलमधल्या कोविड आयसीयूला आग लागली, 11 रुग्ण गेले. चौकशीच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या. पण तिथे काम करणारी पोरं पुढच्या ड्यूटीला कशी उभी राहिली असतील, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

आपल्याच जिल्ह्यात, नेवाशात, शके 1212 मध्ये माउलींनी या श्लोकाचा अर्थ सांगताना पाण्याचा दृष्टांत दिला. पाणी गायीची तहान भागवतं, पण म्हणून वाघासाठी विष होत नाही. मी 'निर्मम' म्हणजे कोरडा असं धरून चाललो होतो. पण पाणी कोरडं कुठे असतं? त्याला फक्त 'हा माझा' असं म्हणायचं नसतं. तिला आतून खात होतं ते 'माझा पेशंट, मी वाचवायला हवा होता' हे. ते मोठं ओझं होतं, आणि न रडणं हा त्याचाच भार असावा. दगडाला असा प्रश्न पडत नाही.

तरी एक अडचण राहतेच. पाणी थकत नाही, पोरगी थकते. आपल्याकडची विहीरसुद्धा उपसली की झरे भरेपर्यंत थांबावं लागतं, मोटार लावून ठेवली तर चिखल येतो.

हे सगळं मी तिला फोनवर बोललो नाही. म्हटलं, रविवारी नेवाशाला जाऊ, पैस खांबापाशी जरा बसू. म्हणाली, रविवारी ड्यूटी आहे. मग सोमवारची सुट्टी टाकलीय. आईला तिच्यासाठी पिठलं-भाकरी करायला सांगितलंय, मीच घेऊन जाणार.