लाल उजेडाचा मास्क

चेहऱ्याची काळजी घेणं हा निव्वळ नखरा आहे का? मला नाही वाटत. डेन्मार्कचे डॉक्टर नील्स फिन्सेन यांना १९०३ चं नोबेल मिळालं, ते प्रकाशानं त्वचेच्या क्षयावर उपचार केल्याबद्दल. तो रोग चेहरा विद्रूप करायचा. चारचौघांत तोंड दाखवता यावं, ही इच्छा क्षुल्लक नव्हेच.

आजचा एलईडी मास्क साधारण ६३० नॅनोमीटरचा लाल प्रकाश देतो. त्यानं बारीक सुरकुत्या थोड्या कमी होऊ शकतात. पण फिन्सेन यांचा रुग्ण बरा होऊन घरी जाऊ शकत होता. मास्क लावणारा बरा कधी होतो? कोडच्या भाषेत, हा एक्झिट कंडिशन नसलेला लूप आहे.

आमच्या कोल्हापुरात तालमीतले पैलवानही रोज अंगाला लाल माती लावतात. ती मेहनतही संपत नाही. पण मातीत उतरणारा स्वतःला आजारी समजत नाही. मास्कची जाहिरात मात्र आधी आपल्याला रुग्ण ठरवते, मग उपचार विकते.

मास्क खुशाल लावा. फक्त तिशी जवळ येणं हा रोग नाही, एवढं स्वतःशी ठरवून मग बटण दाबा.