खरी प्रत कोणती?

एकाच ग्रंथाच्या दोन प्रती समोर आल्या आणि त्यांत भेद दिसला, म्हणजे त्यांतील एक खरी व दुसरी भ्रष्ट असली पाहिजे, असे आपण सहज गृहीत धरतो. या गृहीताला आधार कोणता, हे मात्र आपण क्वचितच विचारतो. पोथ्यांच्या बाबतीत हा प्रश्न पंडितांचा म्हणून आपण आजवर बाजूस ठेवीत आलो. परंतु चित्रपट तबकड्यांवर उतरून घरोघर आल्यापासून तो पंडितांपुरता राहिलेला नाही. एकाच इटालियन मारधाडपटाच्या तीन-तीन, चार-चार तबकड्या विकत घेऊन, त्या एकापाठोपाठ एक लावून, कोणत्या प्रतीत आकाश निळे आहे व कोणत्या प्रतीत पिवळट, कोठे बंदुकीचा आवाज जुना आहे आणि कोठे दोन मिनिटांचा प्रसंग गाळला आहे, याची बारकाईने टिपणे करणारे लोक आज जगभर आहेत, व ते बहुतेक हौशी आहेत. या खटाटोपाची थट्टा करणे सोपे आहे. ज्या कथेत माणसे माशांप्रमाणे मरतात तिची पाठशुद्धी ती कसली करावयाची, असे कोणीही म्हणेल. तथापि या हौशी मंडळींच्या हाती असा एक प्रश्न लागला आहे की, जो सातारा जिल्ह्यातील औंधसारख्या लहानशा गावास मुळीच परका नाही. इतकेच नव्हे, तर त्या प्रश्नाच्या पायी औंधच्या संस्थानिकाने एके काळी आपली तिजोरी मोकळी केली होती.

प्रश्नाचे स्वरूप आधी एका उदाहरणाने पाहू. सर्जिओ लिओने याचा 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' हा चित्रपट १९६६ साली इटलीत प्रथम दाखविला गेला तेव्हा तो जवळजवळ तीन तासांचा होता. इंग्रजी जाणणाऱ्या जगापुढे तो गेला तेव्हा त्यातील काही प्रसंग गळून तो १६१ मिनिटांचा झाला, आणि कोट्यवधी प्रेक्षकांनी तोच चित्रपट म्हणून ओळखला. गाळलेल्या प्रसंगांना इंग्रजी आवाज कधी मिळालाच नव्हता. पुढे २००३ साली ते प्रसंग परत घालून इंग्रजी आवृत्ती 'पूर्ण' करण्यात आली. त्यासाठी क्लिंट ईस्टवुड व ईलाय वॉलक यांस पुन्हा बोलाविण्यात आले. ईस्टवुडने सत्तरी ओलांडली होती, वॉलकने पंच्याऐंशी; आणि तिसरा नट ली व्हॅन क्लीफ १९८९ मध्येच वारला असल्यामुळे त्याचे शब्द दुसऱ्याच कोणाकडून म्हणवून घ्यावे लागले. परिणाम असा की, पडद्यावरचा छत्तीस वर्षांचा तरुण मध्येच काही मिनिटे वृद्धाच्या घशाने बोलतो आणि पुन्हा तरुण होतो. त्या आवृत्तीच्या पहिल्या तबकडीत गोळीबाराचेही नवे आवाज बसविले होते, आणि जुना इंग्रजी ध्वनिपट दिलाच नव्हता. २०१४ साली नव्याने शुद्ध केलेली प्रत आली, ती अशी पिवळी की पाहणाऱ्यांस कावीळ झाल्याचा भास व्हावा. २०१७ च्या प्रतीत तो पिवळेपणा पुष्कळ कमी करून जुनी १६१ मिनिटांची आवृत्तीही पुन्हा देण्यात आली. आता यांपैकी खरा चित्रपट कोणता?

इटालियन आवृत्ती खरी, असे म्हणून सुटता येईल असे वाटते. पण तेही नाही. त्या काळी इटलीत चित्रण बहुधा आवाजाविना होत असे. जमलेले नट आपापल्या भाषेत बोलत, आणि सर्व आवाज मागाहून खोलीत बसून भरले जात. इटालियन आवृत्तीत ईस्टवुडच्या तोंडून एन्रिको मारिया सालेर्नो हा नट बोलतो. सर्जिओ कोर्बुच्ची याच्या 'जँगो' या १९६६ च्याच चित्रपटात तर नायक फ्रँको नेरो स्वतः इटालियन असूनही इटालियन ध्वनिपटावर त्याचा आवाज नांदो गाझोलो याचा आहे. म्हणजे ओठ एकाचे, कंठ दुसऱ्याचा, आणि दिग्दर्शकाच्या मनातील भाषा कदाचित तिसरीच. ज्या कृतीचा जन्मच असा तुकड्यातुकड्यांनी झाला तिच्या 'मूळ' रूपाचा शोध कोठे थांबावा? या 'जँगो'ला ब्रिटनमधील परीक्षकांनी १९९३ पर्यंत परवानगीच दिली नव्हती. तेव्हा तेथील एका संबंध पिढीपुढे खरी-खोटी कोणतीच प्रत नव्हती, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

वाल्टर बेन्यामिन याने १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात असा सिद्धांत मांडला होता की, छायाचित्राच्या एका निगेटिव्हपासून कितीही प्रती काढता येतात, म्हणून त्यांतील अस्सल प्रत कोणती हा प्रश्नच निरर्थक होय. विचार चतुर आहे, परंतु अनुभवाने तो पुरा पडत नाही. निगेटिव्हही म्हातारे होते. त्याचे रंग विटतात. वरील चित्रपट ज्या 'टेक्निस्कोप' पद्धतीने काढला तीत प्रत्येक चित्राला फिल्मवर नेहमीच्या निम्मीच जागा मिळे. पैसा वाचे, पण चित्र मोठे करताच फिल्मचे कण वाळूसारखे दिसू लागत. आजचा कारागीर ते कण यंत्राने पुसून टाकू शकतो. जास्त पुसले की कणांबरोबर चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, दाढीचे खुंट आणि धूळही जाते, आणि लिओनेची ती रापलेली माणसे मेणाच्या बाहुल्यांसारखी दिसू लागतात. या दोन तबकड्यांत भेद नाही असे, ज्याला डोळे आहेत त्याने म्हणू नये. आणि भेद आहे म्हटले की बऱ्यावाईटाचा निवाडा आला, व निवाडा आला की कर्तव्याचा प्रश्न आला. प्रत करणाऱ्याचे कर्तव्य कोणाशी? ज्याने कृती निर्मिली त्याच्याशी, ज्यांनी ती एका रूपात पाहून मनात साठविली त्या प्रेक्षकांशी, की त्या फिल्मच्या जीर्ण पट्टीशी?

औंधचा संबंध येतो तो येथे. पुण्यास भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना १९१७ साली झाली, आणि पुढच्याच वर्षी औंधचे अधिपति श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी महाभारताच्या चिकित्सक व सचित्र आवृत्तीसाठी एक लक्ष रुपये देण्याचे वचन दिले. औंध हे काही बडोदे किंवा ग्वाल्हेर नव्हे; इकडे तिकडे विखुरलेल्या तुटपुंज्या मुलखाच्या संस्थानास ही रक्कम सामान्य नव्हती. बाळासाहेब स्वतः चित्रकार, स्वतः कीर्तनकार. कीर्तनकाराला महाभारत कोणत्या रूपात प्रिय असते हे सांगावयास नको. द्रौपदी धावा करते, भगवंत वस्त्रे पुरवितात, आणि श्रोत्यांचे डोळे पाणावतात. त्याच कीर्तनकाराच्या द्रव्यसाहाय्याने जे कार्य सुरू झाले त्याने पुढे काय केले? डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर यांनी १९२५ पासून संपादनाची सूत्रे हाती घेतली. त्यांच्या आदिपर्वात गणपती व्यासांचा लेखक झाला ही आबालवृद्धांच्या तोंडची कथा मूळ संहितेतून निघून परिशिष्टात गेली. १९४४ साली फ्रँकलिन एजर्टन यांनी संपादिलेले सभापर्व निघाले, त्यात द्रौपदीचा धावा व श्रीकृष्णाचे येणे हे श्लोक संहितेत राहिले नाहीत. वस्त्रामागून वस्त्र निघते, पण कोण पुरवितो हे संहिता सांगत नाही.

येथे जो घाव बसतो तो लहान नाही. ज्या घरात आजी नातवंडांस ही कथा सांगत आली, त्या घराला कोणी विद्वान येऊन 'हे मुळात नव्हते' असे सांगतो. असे सांगण्याचा अधिकार त्याला कोणी दिला, असा सवाल पुष्कळांनी मनात तरी केला असेल, आणि तो सवाल अडाणीपणाचा नव्हे. आणखी पुढे जाऊन असेही म्हणता येईल की, १,२५९ हस्तलिखिते तपासून, शारदा, नेपाळी, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळी अशा सर्व लिपींतील पोथ्या ताडून, १९६६ साली जी ८९,००० हून अधिक श्लोकांची संहिता पुरी झाली, ती याच शब्दांत, याच क्रमाने कोणत्याही एका गावी, कोणत्याही एका देवळात कधी वाचली गेली होती याचा पुरावा नाही. तीही एका अर्थी २००३ च्या त्या 'पूर्ण' चित्रपटासारखीच, उत्तरकाळी जुळविलेली वस्तू होय.

परंतु दोहोंत एक भेद आहे, आणि माझ्या मते सर्व न्याय त्या भेदात आहे. सुखटणकरांनी आपली संहिता व्यासांच्या हातची म्हणून कधीच विकली नाही. उपलब्ध पोथ्यांच्या आधारे जितक्या मागे जाता येते तितके प्राचीन रूप, एवढाच त्यांचा दावा होता. आणि जे त्यांनी संहितेबाहेर काढले ते जाळले नाही. ते त्याच पानाच्या तळाशी किंवा ग्रंथाच्या शेवटी, कोणत्या पोथीत आहे व कोणत्या पोथीत नाही याच्या नोंदीसह, बारीक टाइपात छापले. ज्याला द्रौपदीचा धावा हवा त्याला तो त्याच ग्रंथात सापडतो. संपादकाने निवाडा दिला, पण हरलेल्या पक्षाची कैफियतही दप्तरात ठेवली. तबकडी काढणाऱ्यांचा जो अपराध मला वाटतो तो नवे आवाज घालण्याचा नव्हे. ईस्टवुडने सत्तरीत बोलू नये असा काही धर्मशास्त्राचा नियम नाही. जुना ध्वनिपट त्या तबकडीवरून गाळून नवाच पहिल्यापासून होता असे भासविणे, हा अपराध. ज्या तबकडीत दोन्ही आवाज आहेत, दोन्ही लांबीच्या आवृत्त्या आहेत, आणि कोठे काय बदलले ते स्पष्ट लिहिले आहे, ती रंगात थोडी डावी असली तरी मी तिला मान देईन.

यावर एक मार्मिक आक्षेप येतो. महाभारत हा शब्दांचा देह आहे. तो पोथीतून छापील पानावर आला तरी त्याचे काही जात नाही, शाई कोणती वापरली याने अर्थ बदलत नाही. चित्रपट तसा नाही. त्याचा रंग, त्याचे कण, त्याची धूळ हाच त्याचा देह, आणि एका तबकडीत एकाच वेळी दोन रंग दाखविता येत नाहीत. पाठभेद तळटीपेत देता येतो. पिवळेपणा तळटीपेत कसा द्यावा? आक्षेप खरा आहे, आणि त्याला पुरे उत्तर नाही. पण अर्धे उत्तर औंधच्याच डोंगरावर आहे.

यमाईच्या डोंगरावर बाळासाहेबांनी १९३८ मध्ये श्रीभवानी संग्रहालय उभे केले. तेथे रविवर्म्याची चित्रे आहेत, हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराने दगडात घडविलेली 'माता आणि बालक' ही मूर्ती आहे, आणि त्याच छपराखाली युरोपातील नामांकित कलाकृतींच्या प्रतिकृतीही आहेत. रोम किंवा पॅरिस कधीही न पाहू शकणाऱ्या माणदेशी शेतकऱ्याच्या मुलाने निदान त्यांची छाया तरी पाहावी, हा त्यामागचा हेतू उघड आहे. कलापारखी म्हणविणारे अशा प्रतिकृतींकडे नाक मुरडून पाहतात व मूरच्या मूर्तीपाशी जाऊन उभे राहतात. मला ही वृत्ती अर्धवट वाटते. प्रतिकृतीचा रंग मुळाहून निराळा असणारच. पण जी प्रत स्वतःला प्रत म्हणवून घेते ती पाहणाऱ्यास फसवीत नाही, आणि मूळ कसे असेल याची तहान त्याच्या मनात जागी ठेवते. रंगाचा पाठभेद तळटीपेत देता येत नसला तरी, हा रंग कोणत्या प्रिंटवरून घेतला व तो ठरविणारा कोण, एवढे वेष्टनावर लिहिता येते. तितके लिहिण्यास खर्चही फार येत नाही. ते लिहिले जात नाही याचे कारण निराळे आहे: 'पूर्ण', 'शुद्ध', 'मूळ' या शब्दांना बाजारात भाव आहे, 'आमच्या मते' या दोन शब्दांना नाही.

हा विचार परक्यांच्या चित्रपटांपुरता असता तर मी त्यात इतका वेळ घातला नसता. आपल्याकडे प्रभात कंपनीने १९३२ साली 'अयोध्येचा राजा' मराठीत व हिंदीत निरनिराळा चित्रित केला. त्यांत मूळ कोणता आणि अनुवाद कोणता, हा प्रश्न इटालियनांच्या प्रश्नाइतकाच अवघड आहे. तेथे निदान दोन रूपे तरी होती. पुण्यात जानेवारी २००३ मध्ये लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फिल्मचा मोठा साठा, त्यात प्रभातचाही, नष्ट झाला. तेव्हापासून आपल्यापुढे पुष्कळदा निवडीचा प्रश्नच उरलेला नाही. प्रत हाती आली की ती कोणती हे विचारण्याचेही त्राण राहत नाही, आणि जे उरले तेच मूळ असे मानण्याचा मोह पडतो. तबकड्या ताडून पाहणाऱ्या त्या हौशी लोकांचा मला हेवा वाटतो तो यासाठी की, त्यांच्यापाशी ताडून पाहण्यास काही आहे.

दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दाखविला गेला. त्याच्या चार रिळांपैकी पहिले व शेवटचे पुण्याच्या चित्रपट संग्रहालयात आहे, असे आपण शाळेतल्या मुलांस सांगतो, आणि त्यांस ते दाखवितोही. परंतु फाळक्यांनी तीच कथा १९१७ मध्ये पुन्हा चित्रित केली होती, आणि उरलेली रिळे या दुसऱ्या चित्रपटाची आहेत असे काही जाणत्या अभ्यासकांनी प्रमाणे देऊन प्रतिपादिले आहे. हे ऐकून पुष्कळांस आपला काही तरी ठेवा हिरावला गेल्यासारखे वाटते; गणपतीची कथा परिशिष्टात गेली तेव्हा वाटले असेल तसेच. पण रिळांतील तारामती तीच राहते, घाटावरचा तो कारुण्याचा प्रसंगही तोच राहतो. बदलतो तो डब्यावरचा आकडा. तो आकडा १९१३ असा ठसठशीत लिहावा, १९१७ लिहावा, की दोन्ही लिहून मध्ये प्रश्नचिन्ह ठेवावे, हे चिठ्ठी चिकटविणाऱ्या माणसाने ठरवावयाचे आहे.