कानातला फाया

माणसाने अत्तर नेमकं कोणासाठी लावावं, हा प्रश्न मला वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी पडला. या वयात पडायचे प्रश्न खरं म्हणजे वेगळे असतात. गुडघ्याचे, पेन्शनचे, फार तर आत्म्याचे. पण आमच्या डोंबिवलीच्या घराला रंग काढायचा ठरला, जुनं लोखंडी कपाट रिकामं करावं लागलं, आणि वडिलांच्या काळ्या कोटाच्या आतल्या खिशातून करंगळीएवढी कुपी निघाली. तळाशी मधाच्या रंगाचं थोडं काहीतरी. मी बूच काढलं आणि वडील खोलीत आले.

घाबरू नका, भुताची गोष्ट नाही. वडील जाऊन एकोणीस वर्षं झाली. आला तो हिन्याचा वास.

वडील म्हणजे साबणाची शेवटची चकती नव्या वडीला चिकटवणारे गृहस्थ. पण दिवाळीत अभ्यंगस्नान झालं की कानात हिन्याचा फाया असायचाच. दुसऱ्याच्या लग्नात तर यजमानाची अत्तरदाणी स्वतःहून हातात घेऊन दाराशी उभे राहायचे आणि येईल त्याच्या मनगटावर ओढायचे. वरपक्ष, वधूपक्ष, वाजंत्रीवाले, कुणाला सुटका नाही. परक्याच्या अत्तरात कर्ण आणि स्वतःच्या अत्तरात मारवाडी! ती एक कुपी त्यांनी तीस वर्षं पुरवली आणि वर उरवली.

आता ती लावायची की जपायची? आमच्या हिचं मत, "लावा की! नाहीतर उडून जाईल." चिरंजीवांचं मत, "बाबा, ही विंटेज आहे." परदेशात म्हणे लोक १९२१ च्या शनेल नंबर फाइव्हच्या किंवा १९२५ च्या शालिमारच्या जुन्या बाटल्या शोधत हिंडतात. नाव तेच, पण आतली काही द्रव्यं मध्यंतरी नियमांनी बाद झाली, काही परवडेनाशी झाली, त्यामुळे नव्या बाटलीला जुना वास नाही. जुन्या बाटलीतही लिंबू-संत्र्यासारखे हलके वास आधी पळतात, म्हणून बूच उघडल्याबरोबर मत द्यायचं नाही, अर्धा तास थांबायचं. आणि अत्तर ठेवायचं ते थंड, अंधाऱ्या जागी. म्हणजे कोटाच्या आतल्या खिशात! वडिलांनी चिक्कूपणाने जे केलं त्याला पॅरिसमध्ये रसिकता म्हणतात, हे त्यांना कळतं तर तिथलेही हिशेब त्यांनी तपासले असते.

मी मधला मार्ग काढला. ही जपायची आणि हिच्यासारखीच दुसरी आणून लावायची. कुपी रुमालात गुंडाळून कल्याणच्या बाजारात एका म्हाताऱ्या अत्तरवाल्याकडे गेलो. त्याने मनगटावर एक हिना लावला, कोपराकडे दुसरा, दुसऱ्या हातावर तिसरा आणि हात आखडता घेतला. "चौथा नको साहेब. तीनानंतर नाक खोटं बोलतं. घरी जा, जेवा, झोपा. सकाळी जो उरेल तो तुमचा."

मग मी कुपी पुढे केली. त्याने डोळे मिटून वास घेतला. "चंदनावर ओढलेला आहे," म्हणाला. कनौजला तांब्याच्या डेगीत फुलं पाण्याबरोबर उकळतात, वाफ बांबूच्या नळीतून दुसऱ्या भांड्यात, म्हणजे भपक्यात जाते. त्या भांड्यात आधीपासून चंदनाचं तेल असतं, ते फुलाचा वास धरून ठेवतं. आता चंदनाचे भाव असे, की बऱ्याच अत्तरांत त्याच्या जागी बिनवासाचं पॅराफिन आलं. काही जुन्या हिन्यांत कस्तुरीही पडायची, पण कस्तुरीमृगाला १९७२ च्या कायद्याने संरक्षण मिळालं. मृगाचं कल्याण झालं, आमची पंचाईत झाली.

"मग हे भारी किमतीचं असणार!" मी मान ताठ करून म्हणालो.

"छे हो! त्या काळातला साधा हिना. वरातीत वाटायचा असला."

खरं सांगतो, त्या क्षणी कुपीचा वास कमी झाला. अत्तर तेच, नाक तेच, खिशातला रुमालही तोच. दोन मिनिटांपूर्वी ज्या वासाने डोळ्यांत पाणी आलं होतं, तोच वास आता स्वस्त येऊ लागला. माझी मलाच लाज वाटली. म्हणजे इतका वेळ मी वास घेत होतो की भाव करत होतो? आणि मनात जो दर लावला होता तो अत्तराचा की वडिलांचा?

अत्तरवाल्याला हे कळलं असावं. पुन्हा एकदा हुंगून म्हणाला, "आणि साहेब, हा नुसता हिना नाही. यात डांबरगोळी आहे."

एकोणीस वर्षं मला ज्यांची आठवण येत होती ते वडील अर्धे डांबरगोळीचे होते तर! हा मिश्र हिना कल्याणातच काय, कनौजातही मिळणार नव्हता. मी तिथलं काहीच न घेता परत आलो. अत्तरवाल्याने तीन नमुन्यांचे पैसे घेतले नाहीत, म्हणून जास्तच ओशाळलो.

म्हणजे लावायची तर हीच. पण मग नवी अडचण. ज्याने अत्तर लावलं त्याचं नाक थोड्याच वेळात त्या वासाला सरावतं, त्याला तो येईनासा होतो. पुढचे चार-सहा तास तो वास इतरांचा. आणि त्या इतरांना विचारलंय कुणी? डोंबिवलीच्या लोकलमध्ये म्हातारा उभा दिसला की डोळे मिटता येतात, नाक मिटता येत नाही. आमची नात अंगावर तो फवारा मारते तेव्हा खालच्या मजल्यावरच्या जोशीकाकू खिडकी लावून घेतात. उलटपक्षी, २०१४ साली हिरवा पाऊस आणि २०२० साली गुलाबी रस्ता बघितलेल्या डोंबिवलीकराने दुसऱ्याच्या वासाबद्दल तक्रार करणं म्हणजे जरा अतिच! एमआयडीसीने आम्हाला कधी विचारलं होतं?

परवा ठाण्याला भाच्याच्या मुलाची मुंज होती. ही म्हणाली, "आता तरी." मी मसुराएवढा कापूस घेतला, कुपीत टेकवला आणि कानात ठेवला.

गाडीत शेजारी माझ्याच वयाचे एक गृहस्थ उभे होते. दिवा गेलं तसे ते इकडेतिकडे बघू लागले. मला वाटलं, आता बोलणार. बोललेच.

"हिना का हो?"

"हो. त्रास होतोय का?"

"नाही नाही." जरा थांबून म्हणाले, "आमचे मोठे काका लावायचे. त्यांच्या ट्रंकेला असाच वास होता."

पुढे ते काही बोलले नाहीत, मीही नाही. मला स्वतःला तो वास डोंबिवली स्टेशनच्या जिन्यातच यायचा बंद झाला होता. मुंब्र्याला गाडी थोडी मोकळी झाली, एक जागाही झाली. पण ठाणं येईपर्यंत मी तो कान त्यांच्या बाजूला करून तसाच उभा राहिलो.