कागद, नोंद आणि आईची ट्रंक

पुतणीच्या चार वर्षांच्या मुलीचं निळं आधार कार्ड हरवलं. कपाटं उपसून झाली, झेरॉक्सच्या दुकानात विचारून झालं, कुणी कुणाला द्यायला सांगितलं होतं यावरून वादही झाला. तेव्हा घरातल्या आजी म्हणाल्या, "कार्डच हरवलंय ना? पोरगी आहे ना घरात?" सगळे हसले. मला मात्र त्या वाक्याने पुढे बरेच दिवस स्वस्थ बसू दिलं नाही.

माझा पहिला कौल आजींच्याच बाजूने होता. मूल समोर धडधडीत बसलंय आणि ते आहे हे पटवायला आपण कागद शोधतोय, यात काहीतरी उलटं आहे खरं. कागदाची ही भक्ती आपल्याला साहेबाने लावली आणि आपण ती साहेबापेक्षा निष्ठेने चालवली, असं एक फर्डं वाक्यही मी मनात जुळवून ठेवलं होतं.

आमचे एक स्नेही बँकेतून निवृत्त झाले आहेत. त्यांना कागदाचा माझ्याहून जास्त तिटकारा, पण कारण वेगळं. ते म्हणाले, "हरवलं म्हणजे काय? क्रमांक सर्व्हरवर आहे. कार्ड ही त्याची सावली. सावली हरवली म्हणून कुणी रडतं का?" नंदुरबारच्या टेंभलीत 2010 साली पहिलं आधार दिलं गेलं, तेव्हापासूनचा इतिहास त्यांनी मला ऐकवला. तो वाचकांना ठाऊक आहे, इथे पुन्हा नको.

त्यांचं निम्मं म्हणणं मला मान्य करावं लागलं. कागद वेगळा, नोंद वेगळी. कागद हातात असतो, नोंद कुठेतरी दूर असते. कागद फाटतो, भिजतो, हरवतो, नोंद टिकते. आणि नोंदीची करामत पाहायची तर नागपूरचं उदाहरण आहे. 2011 साली तिथे एक लहान मुलगा रेल्वे स्थानकावर सापडला. त्याला नाव-गाव धड सांगता येत नव्हतं. त्याला अनाथालयात ठेवलं गेलं. शाळेला आधार हवं म्हणून त्याची नोंदणी करायला गेले, तर ती पुनःपुन्हा फेटाळली जाऊ लागली. कारण त्याच्या बोटांचे ठसे आधीच नोंदलेले होते, जबलपूरहून. 2021 साली तो आईबापांना भेटला. त्याच्याकडे कार्ड नव्हतं. त्याला घरी पोचवलं ते नोंदीने. आजींच्या वाक्याला यापेक्षा चोख उत्तर नाही: इथे पोरगंच हरवलं होतं आणि त्याचा माग सरकारी नोंदीत होता.

एवढ्यावर मी स्नेह्यांपुढे हात टेकायला हवे होते. पण पुतणीचं मूल चार वर्षांचं आहे आणि सगळी गोम तिथेच आहे. पाच वर्षांखालच्या मुलाचे ना ठसे घेतात ना डोळ्यांची बुबुळं. एक फोटो, तोही बहुधा तान्हेपणीचा, आणि आईचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक, एवढ्यावर त्याचं आधार उभं असतं. ठसे पाचव्या वर्षानंतर येतात, पंधराव्यानंतर पुन्हा घेतले जातात. म्हणजे ज्या वयात मूल स्वतःबद्दल सर्वांत कमी सांगू शकतं, त्या वयात त्याची नोंदही त्याला ओळखत नाही. ती ओळखते मोबाइलला. ई-आधार उतरवायचं तर ओटीपी नोंदवलेल्या नंबरावर जाणार. क्रमांकच आठवत नसेल, तर तो ऑनलाइन शोधायलाही तोच नंबर हवा. प्लास्टिकचं कार्ड मागवलं, तर ते नोंदवलेल्या पत्त्यावर टपालाने जाणार.

आता बीडहून कोयता घेऊन निघालेल्या जोडप्याचा विचार करा. कार्ड घराच्या पत्त्यावर जाणार, जोडपं दिवाळीनंतर कारखान्याच्या फडावर. सिम रिचार्जअभावी बंद पडलेलं. किंवा नवऱ्यापासून वेगळी राहणारी आई घ्या: मूल तिच्याजवळ, ओटीपी त्याच्या खिशात. स्नेही म्हणाले, "केंद्रावर जावं, नंबर बदलून घ्यावा." जावं हे खरंच. पण त्या दिवसाची मजुरी कुणी भरून द्यावी, हे त्यांच्या सर्व्हरवर नाही.

थोडं विषयांतर करतो. आपल्याकडे एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस 1 जून आहे. बाप पोराला शाळेत घेऊन यायचा. तारीख विचारली की दुष्काळाची किंवा पुराची खूण सांगायचा. गुरुजी पोराकडे एकदा पाहत आणि शाळेच्या वर्षाला सोयीची तारीख जनरल रजिस्टरमध्ये टाकत. त्या नोंदीवर माणसांनी नोकऱ्या केल्या, निवृत्तही झाली. तारीख सपशेल खोटी. पण "हे पोर या बापाचं" हे गुरुजींनी स्वतः पाहिलेलं होतं. आजच्या नोंदीत तारीख खरी असते, पाहिलेलं मात्र कुणी नसतं.

शाळा आज पोराकडे पाहण्याआधी आधार मागते, पण त्याबद्दल मुख्याध्यापकांना दोष देण्यात अर्थ नाही. शाळेची शिक्षकपदं ठरवणाऱ्या संचमान्यतेत वैध आधार असलेलीच मुलं धरली, तर शिक्षकाचं पद जाईल, ही त्यांची धास्ती खरी आहे. आधार नाही म्हणून कुठल्याही मुलाला योजनेचा लाभ नाकारू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली सांगून ठेवलं. तरी खिडकीवर वाक्य तेच: "झेरॉक्स आणा."

कागदाची टर उडवायला बसलेला मी आता कागदाचा वकील झालो आहे. नोंद हरवलेल्या मुलाला शोधते. पण न हरवलेल्या मुलाच्या आईला कागदच उपयोगी पडतो. तो ट्रंकेत ठेवता येतो, ओटीपी ठेवता येत नाही. तो दाखवायला कुणाची परवानगी लागत नाही. म्हणून मुलाच्या कागदाची दुसरी प्रत मिळणं हे फोनवर अवलंबून नसावं. त्या मुलाला रोज खिचडी वाढणाऱ्या अंगणवाडी सेविकेची किंवा वर्गशिक्षिकेची साक्ष त्यासाठी पुरेशी व्हावी. स्नेही म्हणतील, साक्षी खोट्या निघतात. निघतात, पण खोटं निघालं तर सही करणारं माणूस सापडतं तरी.

मूल अठरा वर्षांचं झालं की सहा महिन्यांत आपलं आधार रद्द करून मागू शकतं, असं 2019 च्या दुरुस्तीने कायद्यात आलं आहे. किती मुलांना हे ठाऊक असतं, देव जाणे. पण त्यामागचं तत्त्व मला पटतं: नोंद आईबापांनी केली, सरकारने सांभाळली, तरी ती मुलाची आहे. अठराव्या वर्षी ती पुसण्याचा हक्क मुलाला देणाऱ्या कायद्याने चौथ्या वर्षी तिची एक प्रत त्याच्या आईच्या हाती सहज पडू द्यायला काय हरकत आहे?