जुन्या गाण्याचा नवा पाठ

जी वस्तू आपल्या घरी आहे, जी आपण शेकडो वेळा हाताळली आहे, तिचीच माणूस वाट पाहू शकतो काय? वाट पाहावी ती अद्याप न आलेल्याची, अशी आपली साधी समजूत असते. परंतु बीटल्स या इंग्रज गायकवृंदाच्या सर्व ध्वनिमुद्रिका पुनःसंस्कारित स्वरूपात ९ सप्टेंबर २००९ रोजी बाजारात येणार, असे त्याच वर्षीच्या ७ एप्रिलला जाहीर झाले, तेव्हा देशोदेशींच्या रसिकांनी मधले पाच महिने अक्षरशः दिवस मोजून काढले. त्यांपैकी बहुतेकांजवळ या मुद्रिका होत्याच. कित्येकांजवळ तर त्या दोन-दोन, तीन-तीन रूपांत होत्या. गाणी तीच, गळे तेच, शब्द तेच. वृंद १९७० सालीच मोडलेला. त्यातील जॉन लेनन १९८० साली मारला गेला आणि जॉर्ज हॅरिसन २००१ साली निवर्तला. नवे म्हणावे असे एक अक्षरही येणार नव्हते. तरीही ही उत्कंठा!

हा रिकामटेकड्यांचा छंद आहे, किंवा व्यापाऱ्यांनी रसिकांना घातलेली टोपी आहे, असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. आम्हांस तसे वाटत नाही. मूळ म्हणजे काय, ते कोणाच्या स्वाधीन असते, आणि त्याला हात लावण्याचा अधिकार कोणाला पोहोचतो, हे जुने प्रश्न या पाच महिन्यांच्या प्रतीक्षेत दडलेले आहेत.

प्रथम या पुनःसंस्काराचे, म्हणजे ज्याला सर्वत्र रीमास्टर म्हणतात त्याचे, स्वरूप पाहिले पाहिजे. गाणे गायिले जाते तेव्हा ते निरनिराळ्या पट्ट्यांवर नोंदले जाते. या पट्ट्यांचे मिश्रण करून एक पक्की फीत तयार होते. आणि त्या पक्क्या फितीवरून तबकडीचा साचा निघतो. रीमास्टर करणारा या शेवटच्या पायरीवर उभा असतो. मिश्रणाला तो हात लावीत नाही. पक्की फीत पुन्हा वाचतो, तिच्यावरची धूळ पुसतो, आणि नव्या साधनाला मानवेल अशी तिची प्रत काढतो. बीटल्सच्या मुद्रिका १९८७ साली सीडीवर आल्या, त्या वेळी हे साधन नवखे होते आणि तिच्यावर उतरलेला आवाज पुष्कळांना कोरडा, कडक वाटला. पुढील बावीस वर्षांत त्यांच्या समकालीनांपैकी अनेकांच्या मुद्रिकांवर नवे संस्कार झाले. सर्वांत थोर म्हणून ज्यांची ख्याती, त्यांच्याच मुद्रिका मात्र १९८७ च्या वेषात तिष्ठत राहिल्या. २००९ च्या उत्कंठेला ही पार्श्वभूमी आहे.

लंडनच्या ॲबी रोडवरील ध्वनिमुद्रणगृहात हे काम चार वर्षे चालले. एकेक गाणे स्वतंत्रपणे उतरवून घ्यायचे, दोन गाण्यांच्या मध्ये यंत्राचे मुख पुसून काढायचे, आणि २४ बिट, १९२ किलोहर्ट्‌झ एवढ्या सूक्ष्म मापाने फितीचे अंकांत रूपांतर करायचे, असा क्रम होता. विजेचे खटके, मायक्रोफोनवर आदळलेले श्वास, फितीचे सदोष सांधे हे शक्य तेथे दुरुस्त करण्यात आले. पण जी गोष्ट आम्हांस सर्वांत बोलकी वाटते ती निराळीच आहे. फितीची उपजत खरखर पुसून टाकण्याची युक्ती त्या काळी सर्वांच्या हाती होती. तरीसुद्धा एकूण ५२५ मिनिटांच्या संगीतापैकी पाच मिनिटांहूनही कमी भागावर तिचा प्रयोग झाला. हाती शस्त्र असून ते म्यानात ठेवणे हे विनयाचे लक्षण आहे, आणि यंत्रयुगात असा विनय दुर्मीळ होत चालला आहे.

खटका पुसावयाचा आणि श्वास ठेवावयाचा, हा विवेक कोठून आला? ‘अ डे इन द लाइफ’ या १९६७ सालच्या गीताच्या अखेरीस अनेक पियानोंवर एकाच वेळी आघात केलेला आहे. तो नाद चाळीस सेकंदांहून अधिक काळ विरत जातो. तो विरू लागला तसतशी ध्वनितंत्रज्ञाने मुद्रणाची पातळी चढवीत नेली. इतकी की शेवटी खोलीतील कोणाच्या तरी खुर्चीची करकर फितीवर उतरली. ही करकर दोष म्हणावी की गाण्याचा भाग? रचणाऱ्यांच्या मनात ती खचित नव्हती. पण ज्याने हे गाणे वीस वर्षे ऐकले आहे, त्याचा कान त्या क्षणी तिच्यासाठी टवकारलेला असतो. आणि उद्या कोणी ती नाहीशी केली तर त्याला गाणे शुद्ध झाल्याचा नव्हे, लुटले गेल्याचा प्रत्यय येईल. कर्त्याच्या हेतूतून वस्तू जन्मते हे खरे. तथापि जन्मल्यावर ती केवळ हेतूची राहत नाही. विजेच्या खटक्याला कोणाचा हात नाही, खुर्चीवर मात्र माणूस बसलेला आहे. हा भेद शास्त्रशुद्ध नसेल. आम्हांस तो मान्य आहे.

आता मूळ कशाला म्हणावे हा प्रश्न येतो, आणि येथे रसिकाची पंचाईत होते. त्याला विचारावे की बाबा रे, तू कशाची वाट पाहतोस, तर तो सांगेल की त्या दिवशी त्या खोलीत जसे वाजले तसे मला ऐकावयाचे आहे. पण तसे त्याने पूर्वी कधीच ऐकलेले नसते. इंग्लंडातील मुलामुलींनी ही गाणी १९६३-६४ साली ऐकली ती पेटीएवढ्या ग्रामोफोनवर आणि तळहाताएवढ्या रेडिओवर. तबकडी कापणारे तंत्रज्ञही खर्जाला आवर घालीत, कारण खर्ज फार झाला तर स्वस्त यंत्रावरची सुई खाचेतून उडेल असे त्यांना भय असे. म्हणजे पक्क्या फितीवरचा भरदार खर्ज मुद्रणगृहातील मूठभर लोकांखेरीज कोणाच्या कानी पूर्णांशाने पडलाच नव्हता. तेव्हा रसिक ज्याला परत जाणे म्हणतो, ते वस्तुतः जेथे तो कधी गेलाच नव्हता तेथे जाणे आहे.

त्यातही मूळ एक नाही. त्या काळी घरोघर एकाच कर्ण्याची यंत्रे होती, म्हणून मोनो मिश्रण हेच खरे समजले जाई. ‘सार्जंट पेपर’ या १९६७ च्या मुद्रिकेच्या मोनो मिश्रणाला चौघेही जातीने हजर राहिले. स्टिरिओ मिश्रण त्यांच्या गैरहजेरीत, थोड्या दिवसांत उरकले गेले. तिच्यातील ‘शीज लीव्हिंग होम’ हे गाणे मोनोत अधिक जलद आणि चढ्या स्वरात आहे. पुढे मोनो यंत्रे अडगळीत गेली, आणि दोन पिढ्यांनी जिला आपली मूळ ‘सार्जंट पेपर’ मानून प्रेम केले ती, कर्त्यांनी जिच्याकडे फारसे लक्षच दिले नव्हते अशी, स्टिरिओ प्रत होती. त्या पिढ्यांचे प्रेम खोटे म्हणावयाचे काय? २००९ साली मोनो मुद्रिकांची निराळी पेटीही निघाली, आणि आवाज दाबून मोठा करण्याची जी खोड त्या दशकात बोकाळली होती तिच्यापासून ती सर्वस्वी मुक्त होती. ज्यांना इतिहास हवा त्यांनी ती घेतली; ज्यांना आपले तारुण्य हवे होते त्यांनी बहुधा दुसरी घेतली.

मराठी वाचकाला हा पेच नवीन वाटू नये. ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांत पाठभेद आणि भर शिरली म्हणून एकनाथांनी शके १५०६ मध्ये तिची शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि यापुढे कोणी आपली ओवी हिच्यात घालू नये असे बजावून ठेवले. त्यांनी केले ते एका अर्थी रीमास्टरच: भर काढावयाची, आपले काही घालावयाचे नाही. पण म्हणून पूर्वीच्या पाठाची ओढ संपली नाही. विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी १९०९ साली, एकनाथपूर्व म्हणून त्यांना वाटलेल्या पोथीवरून, ज्ञानेश्वरी छापली आणि त्या पाठाच्या प्राचीनतेविषयी विद्वानांत पुष्कळ वाद झाले. वारकऱ्याने मात्र आपल्या मुखातली ओवी बदलली नाही. त्याच्या लेखी मुखातली हीच मूळ. राजवाड्यांचा शोध आणि वारकऱ्याचा पाठ या दोहोंत खोटे कोणतेच नाही. फक्त शोधकाने वारकऱ्याच्या हातची पोथी काढून घेऊ नये.

आमच्या मते या सर्व प्रकरणातला नैतिक मुद्दा तो हाच. १९८७ साली ‘हेल्प!’ आणि ‘रबर सोल’ या दोन मुद्रिकांचे मिश्रण त्यांचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी स्वतःच नव्याने केले. त्यांचा अधिकार कोण नाकारील? तथापि परिणाम असा झाला की १९६५ चे स्टिरिओ मिश्रण सीडीच्या बाजारातून बावीस वर्षे लुप्त झाले. ते २००९ साली पुन्हा आले तेही मोनो पेटीच्या पोटात, जोडपत्रासारखे. नवे केले यात दोष नव्हता, जुने मिळेनासे झाले यात होता. याउलट जॉर्ज मार्टिन यांचे पुत्र जाइल्स यांनी २०१७ साली ‘सार्जंट पेपर’चे नवे मिश्रण सिद्ध केले, तेव्हा जुनी प्रत बाजारातून उठली नाही. ज्याला नवे मानवले नाही तो जुन्याकडे वळू शकला. २००३ साली ‘लेट इट बी’ ही मुद्रिका फिल स्पेक्टरने चढविलेला वाद्यांचा साज उतरवून पुन्हा निघाली. मॅकार्टनीला तो साज पहिल्यापासून खुपत होता. पण मूळ ‘लेट इट बी’ही राहिली, म्हणून तक्रारीला जागा उरली नाही. कर्त्याला आपली कृती सुधारण्याचा हक्क आहे; श्रोत्याच्या आयुष्यात ती जशी शिरली तशी तेथून उपटून नेण्याचा नाही.

अलीकडे एक तिसरीच पायरी आली आहे आणि तिच्याविषयी आमचे मन अजून स्थिर नाही. १९६६ च्या ‘रिव्हॉल्व्हर’मधील ‘टॅक्समन’ या गीतात गिटार, बास आणि ड्रम ही तिन्ही एकाच पट्टीवर नोंदलेली आहेत; एकदा दुधात साखर विरघळली की ती वेचून काढता येत नाही, अशी सर्वांची समजूत होती. पीटर जॅक्सन यांच्या चमूने २०२१ च्या ‘गेट बॅक’ या चित्रमालिकेसाठी जे यंत्र शिकवून तयार केले होते, त्याने ती वेचून दाखविली, आणि २०२२ साली ‘रिव्हॉल्व्हर’ त्या रीतीने निघाली. अशा वेगळ्या केलेल्या ड्रममध्ये फितीवरचे किती आणि यंत्राच्या अनुमानाचे किती, हे कान सांगू शकत नाही. पुढल्याच वर्षी लेननच्या घरगुती कॅसेटवरील आवाज पियानोपासून सोडवून ‘नाऊ अँड देन’ हे गीत पुरे झाले. १९९५ साली हाच यत्न आवाज सुटेना म्हणून सोडून द्यावा लागला होता. हयात दोघांनी ते केले, दिवंगत दोघांच्या कुटुंबीयांची संमती होती. कायद्याने सर्व काही यथास्थित आहे. तरी मृताची संमती वारसाने द्यावी याने मनाचे पूर्ण समाधान होत नाही. आणि ते गीत ऐकताना डोळे ओलावतात हेही तितकेच खरे आहे.

व्यापाराविषयी थोडेच. एकाच गाण्याचे दाम तबकडी, कॅसेट, १९८७ ची सीडी, २००९ ची सीडी, २०१२ ची पुन्हा तबकडी आणि २०१४ ची मोनो तबकडी असे सहादा मोजणारे भक्त आहेत. एकच शेत सहा वेळा विकल्यासारखे हे दिसते. पण देवळाला रंग द्यावयाची वर्गणी दर काही वर्षांनी देणारा मनुष्य आपण देव विकत घेतला असे मानीत नाही.

आम्हां परमुलुखात नोकरी करणाऱ्यांना या श्रोत्याचा स्वभाव ओळखीचा वाटावा. गाव सोडले त्या वर्षीची मराठी आपण जपून ठेवतो. त्याच वर्षीचे रस्ते, तेच भाव, तीच नाटके. बदलीगणिक ती प्रत सामानासोबत हिंडते, थोडी झिजते, पण बदलत नाही. रजेवर घरी जावे तो तेथे नवे मिश्रण चाललेले असते, आणि पुतण्याच्या तोंडची मराठी ऐकून आपल्याला कोणी तरी मूळ पाठ बिघडविल्याचा भास होतो. पुतण्याला वाटते की काकांची प्रत खरखरते.

या मुद्रिकांत एक मुंबईची आहे. ‘द इनर लाइट’ या हॅरिसनच्या गीताचे वाद्यसंगीत जानेवारी १९६८ मध्ये मुंबईच्या एचएमव्ही ध्वनिमुद्रणगृहात हिंदुस्थानी वादकांकडून वाजवून घेतलेले आहे; गायन मागाहून लंडनमध्ये झाले. केंब्रिजचे संस्कृतचे अध्यापक हुआन मास्कारो यांनी सुचविल्यावरून त्याने ताओच्या ग्रंथातील, दाराबाहेर पाऊल न टाकताही जग जाणता येते या आशयाचे वचन घेतले. (बदलीच्या हुकमावर हे कारण लिहून पाहण्यास हरकत नाही.) तेथील खोली नीट ध्वनिबंद नव्हती; संध्याकाळी साडेपाचला कचेऱ्या सुटत आणि जिना उतरणाऱ्या कारकुनांची पावले आत ऐकू येत, म्हणून मुद्रण थांबवावे लागे, असे हॅरिसनने सांगितले आहे. त्यामुळे ती पावले फितीवर उतरली नाहीत. उतरली असती तर २००९ च्या त्या संयमी मंडळींनी त्यांची गणना विजेच्या खटक्यांत केली असती की खुर्चीच्या करकरीत, याचा आम्ही पुष्कळदा विचार करतो.