बिब्बा आणि दोन पांढऱ्या पुड्या

माझा भाचा डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करतो. एका संध्याकाळी दासगावच्या घरी तो माझ्यासमोर येऊन बसला आणि एक चिठ्ठी पुढे केली. तिच्यावर दोन नावं होती: सुनिफिराम आणि युनिफिराम. "मामू, तुम्ही एवढी वर्षं औषधांचं दुकान चालवलंत. दोन्ही पावडरी एका मित्राकडून मिळतायत. यातलं कमी धोक्याचं कोणतं?"

ही नावं मी दुकानात कधी ऐकली नव्हती आणि त्याला कारणही आहे. विस्मरणासाठी आपल्याकडे चिठ्ठीवर दिलं जाणारं पिरासिटाम १९६४ साली बेल्जियममध्ये तयार झालं. त्याचाच सांगाडा बदलत बदलत इटलीतल्या फ्लोरेन्सच्या शास्त्रज्ञांनी २००० सालाच्या सुमारास ही दोन रसायनं बनवली. उंदराला अंधाऱ्या खोलीत विजेचा हलका झटका द्यायचा, विसर पाडणारं औषध टोचायचं आणि दुसऱ्या दिवशी तो त्या खोलीत पुन्हा जातो का ते पाहायचं, अशी ती परीक्षा. ही रसायनं दिलेले उंदीर झटका विसरले नाहीत, आणि तेही पिरासिटामच्या हजार पटींहून कमी मात्रेत. मेंदूतल्या ग्लुटामेट नावाच्या संदेशवाहकाचं काम ती वाढवतात, असं दिसतं. हे काम प्रमाणाबाहेर गेलं तर झटके येतात, पेशी मरतात. माणसांवर मात्र या दोहोंची रीतसर चाचणी प्रसिद्ध झालेली नाही.

म्हणजे भाच्याच्या प्रश्नाला उत्तरच नव्हतं. तराजूच्या दोन्ही पारड्यांत काय आहे हे माहीत नसेल तर जड कोणतं ते कसं सांगायचं? कोणतं जास्त जोरकस, याची तुलना उंदरांवर झाली आहे. कोणतं निर्धोक, याची माणसात झालेली नाही. आणि उंदराचा, माकडाचा दाखला माणसाला पुरत नाही. मार्च २००६ मध्ये लंडनच्या एका रुग्णालयात टीजीएन१४१२ नावाचं नवं औषध सहा धडधाकट तरुणांना दिलं. मात्रा प्राण्यांत निर्धोक ठरलेल्या मात्रेच्या पाचशेव्या हिश्शाएवढी. काही तासांत सहाही जण अत्यवस्थ झाले. डॉक्टर उशाशी होते म्हणून वाचले.

बुद्धी वाढवण्याचा हा मोह काही आजचा नाही. 'फुतूहुल बुल्दान' लिहिणारा नवव्या शतकातला इतिहासकार अल-बलाधुरी याचं नावच 'बलादुर'वरून पडलं. बलादुर म्हणजे आपला बिब्बा. स्मरणशक्तीसाठी त्याचा रस पिऊन तो भ्रमिष्ट झाला, अशी कथा आहे. काही जुने लेखक ती त्याच्या आजोबांवर घालतात. परटाच्या खुणेचा, पायाच्या भेगांचा बिब्बा. तो अंगावर उततो हे कोकणातल्या पोरालाही ठाऊक असतं. हकीम-वैद्यांनी तो शुद्ध करून, मोजून द्यायचं शास्त्र बसवलं, पण त्याच्या आधी किती जणांचं अंग भाजलं असेल कोण जाणे!

भाच्याला मी हे सांगितलं. मग माझ्या तोंडून तेही आलं जे आपण सगळेच म्हणतो: शरीर अल्लाहची अमानत आहे, त्यावर आपली मालकी नाही. तो शांतपणे म्हणाला, "अब्बा बावीस वर्षं कुवेतच्या उन्हात परातीवर उभे आहेत. त्यांचं शरीर अमानत नाही का? महाडच्या एमआयडीसीत रसायनांच्या वासात लोक पाळ्या करतात, त्यांना कुणी हे सांगतं का?"

मी गप्प झालो. खरं आहे, पोटासाठी झिजवलेल्या शरीराबद्दल आपण अमानतीचा शब्द काढत नाही, आणि पोरानं जोखीम घेतली की तो शब्द काठीसारखा उगारतो. तरी एक फरक मला दिसतो. ऊन काय करतं ते त्याच्या अब्बांना माहीत आहे. बाप ते जाणून सोसतो. इथे जाणण्यासारखंच काही नाही. 'जाणूनबुजून जोखीम घेतो' म्हणायला आधी जाण तर हवी!

"मग पहिला कुणीतरी असणारच ना?" हा त्याचा पुढचा प्रश्न. असतो. पण चाचणीत नाव घालणारा पहिला माणूस एकटा नसतो. मात्रा मोजलेली असते, रक्त तपासलं जातं, इजा झाली तर तिची नोंद होते आणि तिच्यावरून पुढचा सावध होतो. भारतात २०१९च्या नियमांनी त्याच्या उपचाराची आणि भरपाईचीही तरतूद केली आहे. खोलीचं दार लावून कुणा मित्राची पावडर चाटणाऱ्याच्या मेंदूला काय झालं, ते कुठल्याच कागदावर येणार नाही. त्याची इजा कुणाच्याही उपयोगाची नाही. आणि त्या पुडीत खरोखर तेच रसायन आहे हे तरी कुणी तपासलंय?

आणखी एक गोष्ट मी त्याला बोललो नाही. जुलै २००५ मध्ये आमच्या गावावर आणि जुई, कोंडिवते, रोहनवर दरडी कोसळल्या. त्या दिवसांतलं काही विसरता आलं असतं तर बरं झालं असतं, असं म्हणणारी माणसं मी दुकानाच्या काउंटरवर पाहिली आहेत. झोपेची गोळी मागत उभी. झटका न विसरणारा उंदीर जिंकला, असं आपण लिहितो. त्या उंदराला कुणी विचारलं?

आपानं बशीत भिजवलेले बदाम आणून ठेवले. भाच्यानं दोन खाल्ले. चिठ्ठी मात्र त्यानं माझ्याकडे ठेवली नाही. घडी घालून खिशात टाकली आणि "बघतो, मामू" म्हणून तो अभ्यासाला उठला.