शेजारच्या पाळण्याचे औषध

औषधालाही शेजारधर्म असतो, हे मला यंदाच्या श्रावणापर्यंत ठाऊक नव्हते. भाचीला आठव्या महिन्यातच मुलगा झाला, जेमतेम दीड किलोचा. जावई बोटीवर नोकरीला. म्हणून पनवेलच्या एका इस्पितळात नवजातांच्या अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर मीच अठरा दिवस काढले.

पहिल्याच दिवशी नर्सबाईंनी दारात अडवले. "काका, अंगठी काढा. बाह्या कोपरापर्यंत वर घ्या." अंगठी लग्नातली. मला राग आला, हे कबूल करतो. आत कळले की, कोपऱ्यातल्या दोन बाळांच्या रक्तात क्लेब्सिएला नावाचे जंतू सापडले आहेत. त्यांच्यासाठी नर्स वेगळी, स्टेथोस्कोप वेगळा आणि नवी बाळे घेणे तूर्त बंद. हे जंतू ओलीत, हात धुण्याच्या बेसिनमध्येसुद्धा, तग धरतात आणि माणसांच्या हातांवरून पाळण्यापाळण्यांत फिरतात. दिल्लीच्या तीन इस्पितळांत २०११ ते २०१४ या काळात नवजातांच्या रक्तातले जंतू तपासले, तेव्हा निम्म्याहून अधिक क्लेब्सिएला अनेक औषधांना न जुमानणारे निघाले.

आमच्या बाळाला जन्मापासून अँटिबायोटिक चालू होते. तिसऱ्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट स्वच्छ आला आणि डॉक्टरीणबाईंनी ते थांबवले. मी हादरलो. दोन पाळण्यांपलीकडे ते जंतू, आणि औषध बंद? "उलट याहून जोरदार द्या," असा मी हट्टच धरला.

"सर, त्याहून जोरदार म्हणजे जवळजवळ शेवटचंच," त्या म्हणाल्या. "उगाच दिलं तर साधे जंतू मरतात, निगरगट्ट तेवढे उरतात आणि मोकळ्या रानात वाढतात. मग ते तुमच्या बाळापुरते राहत नाहीत."

उन्हाळ्यात पनवेलला पाणी कमी पडले की कोणीतरी नळाला मोटार लावतो आणि वरच्या मजल्यावरच्या म्हातारीची बादली कोरडी राहते. त्या गृहस्थाला आपण नावे ठेवतो. पण तोही आपल्या लेकरांसाठीच लावतो की! मी वेगळे काय मागत होतो? शिवाय पाणी निदान पावसाळ्यात परत येते.

तरी ज्याचे मूल काचेच्या पेटीत आहे, त्याने साऱ्या जगाचा हिशेब का करावा? त्याने तो करू नये, असेच मला वाटते. म्हणून तर तो करणारे, अंगठी काढायला लावणारे, कोणी तिऱ्हाईत दारात उभे असावे लागते.

सगळेच काही औषधाने होते असे नाही. मुंबईच्या शीव इस्पितळात जंतुसंसर्गाने बाळे दगावत, तेव्हा डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी बाटली आणि पावडरचे दूध बंद करून आयांनाच आत आणले. १९८९ साली तेथे आईच्या दुधाची पेढी निघाली, आशियातली पहिली. आमच्या भाचीच्याही छातीशी बाळ बांधले गेले, तेव्हा कुठे तिचे रडणे थांबले.

त्या दोघांपैकी एका बाळाचे वडील बाकावर माझ्याशेजारी बसत. उरणकडचे. डब्यातली अर्धी भाकरी मला देत. त्यांच्या मुलाला शेवटच्या फळीतले कोलिस्टिन चालू होते. "मास्तर, तुमच्याचं औषध बंद झालं म्हणे? बरं झालं," ते मनापासून म्हणाले. मी नुसती मान हलवली.

दोन्ही मुले पुढे सुखरूप घरी गेली. भाऊबीजेला त्यांनी आम्हांला फराळाला बोलावले आहे. आत मी काय मागत होतो, ते मी त्यांना अजून सांगितलेले नाही.